गावच्या कामाचा पडताळा : फॉर्म छापण्याआधी दप्तर पाहा



आज पेरणी-फवारणीचा विषय जरा बाजूला ठेवू आणि गावाच्या हिशेबाचं बोलू. आपल्या गावात पाणलोटाची कामे होतात. बांधबंदिस्ती होते, नाला रुंद आणि खोल होतो, पाझर तलावातला गाळ निघतो, सिमेंटचे बंधारे उभे राहतात. दोन-चार वर्षं जातात आणि ग्रामसभेत कुणीतरी विचारतं, या कामांनी पाणी खरंच वाढलं का? एक जण सांगतो, माझ्या विहिरीला होळीपर्यंत पाणी होतं. दुसरा म्हणतो, माझी तर दिवाळीलाच तळाला गेली. आवाज चढतात, आणि शेवटी कुणीतरी सुचवतं की घरोघर फॉर्म भरून घेऊ, सर्व्हे करू.

सर्व्हे वाईट नाही. पण त्यात एक मोठी अडचण आहे. काम होण्यापूर्वी विहिरीत किती पाणी होतं, हे आज विचारून कळणार कसं? आठ-दहा वर्षांपूर्वी माघात पाणी किती हात खाली होतं, हे कोण नेमकं सांगेल? माणूस आठवणीनं बोलतो, आणि आठवण आजच्या परिस्थितीकडे झुकते. कामापूर्वीचा आकडा त्या वेळीच लिहिलेला असेल तरच मिळतो. आणि तो पुष्कळदा लिहिलेला असतो, फक्त आपल्या गावात नसतो. कुठल्या तरी कचेरीत, दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेल्या नोंदवहीत पडलेला असतो.

याची एवढी उठाठेव कशाला, असं म्हणाल. तर पाणी वाढलं असं एकदा गावानं धरलं, की ऊस वाढतो, मोसंबीची नवी लागण होते, बोअरची गाडी येते. आणि अंदाज चुकला की बाग डोळ्यांदेखत वाळते. २०१२ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांचं काय झालं, ते मराठवाड्यातल्या मंडळींना सांगायला नको. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. त्यावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात फारसं यश आलं नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालात आला. हा राज्याचा हिशेब झाला. तुमच्या गावात उलटही असू शकेल. ते तुम्हीच पाहायचं आहे.

पहिली गोष्ट, प्रश्न बारीक करा. "फायदा झाला का" हा प्रश्न कुठल्याच दप्तराला विचारता येत नाही. विहिरीला पाणी किती महिने टिकलं? रब्बीचं आणि उन्हाळी क्षेत्र वाढलं का? टँकर थांबला का? कोयता घेऊन जाणारी बिऱ्हाडं कमी झाली का? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं चार वेगळ्या ठिकाणी आहेत.

प्रश्न कोणताही असो, पावसाचा आकडा आधी हातात घ्या. त्याच्याशिवाय बाकीचे सगळे आकडे फसवतात. २०१५ साली मराठवाड्यात दुष्काळ होता, २०१६ ला चांगला पाऊस झाला. २०१८ ला शासनानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, २०१९ ला पुष्कळ भागांत अतिवृष्टी झाली. आता २०१५ च्या उन्हाळ्यात नाला खोल केला आणि २०१६ च्या दसऱ्याला विहिरी पाहिल्या, तर कुठलंही काम यशस्वीच दिसणार. काही न करता बसलेल्या गावाच्या विहिरीसुद्धा त्या वर्षी भरल्या. पावसाचं श्रेय जेसीबीला देऊ नका.

पावसाची नोंद महसूल मंडळाप्रमाणे असते. तहसील कचेरीत आणि कृषी विभागाकडे ती मिळते. मात्र एक ध्यानात ठेवा. पूर्वी मंडळाच्या ठिकाणी साधा पर्जन्यमापक असे आणि माणूस सकाळी जाऊन पाणी मोजून लिही. २०१७ नंतर महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळामंडळांत आली. मोजण्याची जागा बदलली, यंत्र बदललं. म्हणून आधीचा आणि नंतरचा आकडा जोडताना तेवढी गाठ लक्षात असू द्यावी. आणि मंडळाचा पाऊस म्हणजे तुमच्या शिवाराचा पाऊस नव्हे. डोंगराच्या अलीकडे पडतो, पलीकडे ढगसुद्धा नसतो, हे तुम्ही जाणताच. गावात कुणी शिक्षकानं किंवा एखाद्या संस्थेनं पाऊस लिहून ठेवलेला असेल, तर ती वही सोन्यासारखी समजा.

आता विहिरीकडे वळू. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, तिचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिच्या राज्यभर सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, त्यांतली पाण्याची पातळी मोजतात. कित्येक विहिरींच्या नोंदी जुन्या, कित्येक वर्षांच्या सलग आहेत. कामापूर्वीचा आकडा शोधणाऱ्याला याहून चांगलं दप्तर सापडणं कठीण.

पण राज्यात गावं चाळीस हजारांवर आणि विहिरी चार हजार. तेव्हा तुमच्या गावची विहीर त्यात असेलच असं नाही. शेजारच्या गावची असेल तर तीन गोष्टी पाहा. ती तुमच्याच ओढ्याच्या पाणलोटात आहे का? खालचा दगड तसाच आहे का? आणि ती कालव्याच्या भिजणाऱ्या भागात तर नाही ना? कालव्याखालच्या विहिरीचं पाणी धरणाचं, तुमच्या बंधाऱ्याचं नव्हे. तालुक्याची सरासरी मात्र गावासाठी वापरू नका. टंचाई ठरवायला ती ठीक आहे, पण एका गावचं काम तिच्यात बुडून जातं.

आणखी एक खोच. या नोंदीत पातळी जमिनीपासून खाली मोजतात. म्हणजे आकडा कमी झाला की पाणी वर आलं. हे उलट वाचून भलतंच अनुमान काढणं अगदी सोपं आहे.

आता हिशेब करून पाहू. समजा, तुमच्या भागात २०१८ च्या ऑक्टोबरात पाणी जमिनीखाली ८ मीटर होतं. २०१९ च्या उन्हाळ्यात कामं झाली आणि त्या ऑक्टोबरात ते ३ मीटरवर आलं. पाच मीटर वर आलं म्हणून पेढे वाटायचे का? जरा थांबा. शेजारच्या, कामं न झालेल्या पण तशाच जमिनीच्या गावची विहीर पाहा. समजा, तिथं ९ मीटरवरून साडेचार मीटरवर आलं. म्हणजे काहीच काम न करता साडेचार मीटर वर आलं. मग तुमच्या कामाच्या वाट्याला उरलं अर्धा मीटर. अर्धा मीटरसुद्धा थोडं नव्हे, पण त्याच्या भरवशावर ऊस लावावा का, हा विचार निराळा. याहूनही चांगलं म्हणजे कामाआधीचं एक आणि नंतरचं एक, अशी सारख्या पावसाची दोन वर्षं निवडून तुलना करावी.

ऑक्टोबरची पातळी पाऊस किती मुरला ते सांगते. मार्च-मेची पातळी आपण किती उपसलं ते सांगते. आणि इथं गंमत होते. काम चांगलं झालं, पाणी वाढलं, म्हणून लोकांनी गहू-हरभऱ्याऐवजी कांदा केला, उन्हाळी भुईमूग केला. मग मे महिन्यात विहीर पूर्वीसारखीच खाली! नुसती मेची नोंद पाहणारा म्हणेल, काम वाया गेलं. तसं ते नसतं, पाणी पिकात गेलेलं असतं. म्हणून विहिरीची नोंद पिकाच्या नोंदीशेजारी ठेवून वाचायची.

पिकाची नोंद तुमच्या ओळखीची. सातबाऱ्यातला बारा नंबरचा नमुना. त्यात हंगाम, पीक, जलसिंचित क्षेत्र किती, अजलसिंचित किती, पाण्याचं साधन कोणतं, हे असतं. सगळ्या गावाच्या पिकांचा गोषवारा अकरा नंबरच्या नमुन्यात मिळतो. तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो मागावा. गावाचंच क्षेत्र, गावाचीच हद्द आणि दर हंगामाची नोंद, असं दुसरं दप्तर नाही.

तरी त्यालाही डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवायचं झालं. त्यापूर्वी काही गावांत चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक पुढं ओढलं जाई, हे मी नव्यानं सांगायला नको. आता ज्यानं नोंदवलं त्याचं पीक दिसतं, राहिलेल्यांचं नंतर भरावं लागतं. मग २०२० ला रब्बी ज्वारी शंभर हेक्टर आणि २०२२ ला साठ, याचा अर्थ ज्वारी घटली असा लगेच काढू नका. लिहिण्याची रीत बदलली, तशी कागदावरची ज्वारीही बदलू शकते. गावातल्या एकूण गटांपैकी किती गटांची नोंद झाली, हे आधी विचारावं. निम्म्यांचीच असेल तर तो आकडा गावाचा म्हणून मांडू नये. आणि २०२१ च्या अलीकडची वर्षं एकमेकांशी, पलीकडची एकमेकांशी, अशीच तुलना करावी.

पैसेवारीचंही असंच. ५० पैशांच्या आत की वर, यावर सवलती ठरतात. ज्या आकड्यावर सवलत लटकलेली असते, त्यावर सगळ्यांचाच डोळा असतो. सबंध वर्ष कसं गेलं याचा अंदाज घ्यायला ती ठीक. बंधाऱ्यानं किती दिलं, हे तिला विचारू नये. पीक विम्यासाठी कापणी प्रयोग होतात, त्यांचं उत्पन्न मोठ्या पिकांना महसूल मंडळाचं असतं. म्हणजे तुमच्यासारखी अनेक गावं त्यात मिसळलेली.

टँकरच्या खेपांची नोंद तहसील आणि पंचायत समितीकडे असते. ती उपयोगी आहे, पण मधल्या काळात नळयोजना झाली असेल तर टँकर तिच्यामुळे थांबला की बंधाऱ्यामुळे, हे निराळं करून पाहावं.

स्थलांतराचं काय? त्याचं सरकारी दप्तर गावपातळीवर सहसा सापडत नाही. पण शाळेचा हजेरीपट आहे! ज्या गावांतून लोक ऊसतोडीला जातात, तिथं दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा भरतात. नोव्हेंबर ते मार्चची हजेरी दहा वर्षांची काढून पाहा. गुरुजींनी ती पाण्यासाठी लिहिलेली नाही, म्हणूनच तिच्यात पाण्याच्या बाजूनं कुणी हात राखलेला नसतो. वसतिगृह किंवा आजीपाशी मुलं ठेवण्याची सोय मध्येच सुरू झाली असेल तर मात्र हजेरी त्यामुळेही वाढते. मुलांची नावं बाहेर काढायची गरज नाही, महिन्याची बेरीज पुरे. दूध सोसायटीच्या संकलनाची वही अशीच बोलकी. उन्हाळ्यातलं दूध टिकलं तर चारा-पाणी टिकलं असं धरता येतं. फक्त मध्येच दुसरी डेअरी निघून अर्धं दूध तिकडे वळलं नाही ना, ते विचारा.

मोठ्या गणनांबद्दल थोडक्यात. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागावाचं भिजणारं क्षेत्र साधनानुसार दिलेलं आहे. काम २०११ नंतरचं असेल तर 'आधी' म्हणून ते धरता येईल. पण 'नंतर'साठी काय? २०२१ ची जनगणना पुढं ढकलली गेली, तेव्हा तिथं जोडीचा आकडा नाही. लघुसिंचनाची सहावी गणना २०१७-१८ या वर्षाची, विसावी पशुगणना २०१९ ची. त्या दुष्काळाच्या जवळच्या आहेत हे विसरू नये. चारा नसला की जनावर बाजारात जातं आणि गणनेत कमी दिसतं.

हे सगळं मिळवायचं कसं? आधी तोंडी विचारा. ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत जोडून अर्ज दिला तर पुष्कळ ठिकाणी काम होतं. नाहीच झालं, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. अर्जात "पाण्याची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. गावाचं नाव, कोणतं वर्ष ते कोणतं वर्ष, कोणता नमुना, हे नेमकं लिहा. नेमक्या अर्जाला नेमका कागद येतो.

कागद आला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं चार ओळी लिहाव्यात : कुठल्या कचेरीतून आणला, कुणी आणि कशासाठी लिहिलेली नोंद आहे, आकडा गावाचा की मंडळाचा, आणि मध्ये रीत कधी बदलली. ज्या कागदाच्या पाठीवर या चार ओळी लिहिता येत नाहीत, तो ग्रामसभेत काढू नये. दोन-तीन कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ते शेजारी शेजारी फळ्यावर मांडा, पावसाचा आकडा सगळ्यांत वर लिहा. आणि जिथं विहीर एक सांगते, पीक दुसरं सांगतं, तिथं मग घरोघर जाऊन विचारायचं. आता फॉर्मवर पन्नास प्रश्न लागणार नाहीत, पाच-सहा पुरतील, आणि ते कुठल्या वस्तीवर विचारायचे हेही तुम्हाला ठाऊक असेल. जाताना यंदाच्या ऑक्टोबरपासून गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी स्वतः दोरीनं मोजायला सुरुवात करा. विहिरी वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, बंधाऱ्याजवळच्या आणि लांबच्याही घ्या, आणि भूजल खात्याच्याच चार महिन्यांत मोजा, म्हणजे दोन्ही आकडे एकाच फळ्यावर बसतील.