विद्यापीठ कशासाठी?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. ती आम्ही काहीशा संकोचानेच स्वीकारली. त्याचे कारण आधी सांगणे बरे. विद्यार्थी साहाय्यनिधीच्या समितीत आम्ही कित्येक वर्षे आहोत. गेल्या वर्षी समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. इतिहास हा विषय घेऊन तिला एम्. ए. व्हावयाचे होते, मोडी लिपी ती आधीच शिकली होती. ‘पुढे अर्थार्जनाचे काय?’ असे समितीने तिला विचारले. ‘ते अजून ठाऊक नाही,’ असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. व्यवसायोपयोगी शिक्षणासच साहाय्य द्यावे असे निधीच्या नियमावलीत कलम आहे. अर्ज नामंजूर झाला. त्या कागदावर आमचीही सही आहे.

ते कलम वाईट हेतूने केलेले नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर होत असतो, तेथे पदवी म्हणजे भाकरीच होय. आणि भाकरीची चेष्टा पोट भरलेल्यांनी करू नये. शिवाय ही दृष्टी आपल्या एकट्यांची नव्हे. १८५४ च्या वुडच्या खलित्यात पाश्चात्त्य ज्ञानाच्या प्रसाराबरोबरच सरकारास विश्वासू नोकर मिळावेत हाही हेतू स्पष्ट होता. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावयाचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन व संशोधन करावे अशी तरतूद झाली ती १९०४ च्या कायद्याने. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक आपल्याकडे विद्यापीठ हे परीक्षेचे कार्यालयच होते! तथापि मुंबईच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते. रानड्यांनी देशाच्या दारिद्र्याची कारणे शोधली, भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास शिलालेख-ताम्रपटांच्या आधारे जुळविला. हे त्यांना कोणत्याही प्रश्नपत्रिकेने विचारलेले नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन त्यांनी तेथे केले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. जातीतल्या जातीतच विवाह हे जातिसंस्थेचे मर्म होय, असे त्यांनी त्यात मांडले. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ह्या निबंधाचा उल्लेख करताना आम्हांस अवघडल्यासारखे होते, आणि तसे व्हावे हेच योग्य. आपल्या स्मरणिकेची शेवटची पाने वधूवरांच्या माहितीने भरलेली असतात, हे आपण सारेच जाणतो.

आणि पहिली पाने? तेथे दरवर्षी ‘आपल्या ज्ञातीचा पूर्वेतिहास’ हा लेख असतो. एका अंकातून दुसऱ्या अंकात तो जसाच्या तसा उतरत आलेला आहे. आपल्या पूर्वजांस राजदरबारातून सनद मिळाली, असे त्यात म्हटले आहे. ती सनद कोणी पाहिली आहे काय? आम्ही अनेक वडीलधाऱ्यांकडे चौकशी केली. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. ते सोडून वाचणारे थोडे. आपली सनद कदाचित तेथे सापडेल, कदाचित सापडणार नाही. न सापडली तर पूर्वेतिहासाची ती ओळ आपणांस काढून टाकावी लागेल. आपल्यास प्रिय असलेल्या गोष्टीलाही पुरावा मागावयाचा, आणि तो न मिळाल्यास ती सोडावयाची, हे ज्या विद्येने अंगी येते तिच्यासाठी विद्यापीठ असते, अशी आमची समजूत आहे. त्या मुलीस आपण नकार दिला तो नेमका ह्या विद्येस.

‘उपयोगी’ म्हणजे काय, हेही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आपल्या निधीतून अभियंते झालेल्यांपैकी कित्येक आज बँकांत आहेत, कोणी शिकवणीचे वर्ग चालवितात. त्यांचे शिक्षण वाया गेले असे आम्ही मुळीच म्हणणार नाही; पण मग वाया जाण्याची धास्ती केवळ इतिहासाच्या विद्यार्थिनीबद्दलच का वाटावी?

दुपारच्या सर्वसाधारण सभेत ‘व्यवसायोपयोगी’ हा शब्द कलमातून गाळावा अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. निधी तेवढाच राहील, त्यामुळे कोणाच्या तरी मुलाचा वाटा थोडा कमी होईल, हे आम्ही लपवीत नाही. त्या मुलीने यंदा अर्ज केलेला नाही. ती एका दुकानात हिशेब लिहिते असे कळते. सूचनेच्या कागदावर सूचक म्हणून आमची सही झालेली आहे. अनुमोदकाची जागा अद्याप कोरी आहे.