'हवाई सुंदरी' म्हणताना

'हवाई सुंदरी' हा शब्द मला खटकतो. कवीला शब्दाचा कस पाहायची सवय असते. या शब्दात रूप आहे, काम कुठेच नाही. एकेकाळी नियमही तसेच होते. एअर इंडियात विमानात सेवा देणारे पुरुष 58व्या वर्षी निवृत्त होत. बायका मात्र 35व्या वर्षी; पुढची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तरी नोकरी संपे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि साहेबांची मर्जी रद्द केली; चार वर्षांची लग्नबंदी मात्र कायम ठेवली.

चहाचा ट्रे आपल्याला दिसतो. पण यांचे पहिले काम संकटात प्रवाशांना बाहेर काढण्याचे. 5 सप्टेंबर 1986 रोजी कराचीत दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलेल्या पॅन ॲमच्या विमानात नीरजा भनोत यांनी हे काम करताना प्राण दिले. वय अवघे 22. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

विमानाच्या दारात कुणी नमस्कार केला, तर तेवढा परत करा. आणि सुरक्षेची सूचना चालू असताना पेपर बाजूला ठेवा.