घराण्यांतली साखर



गेल्या पावसाळ्यांत एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थ निवृत्त शिक्षक. मुलगा चौतीस वर्षांचा, अंगानें सडपातळ, कचेरींत नोकरीस असलेला. मुलाच्या रक्तांत साखर आढळली होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. मी आहाराविषयीं बोलूं लागलों तोंच वडिलांनीं मला थांबविलें. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या वडिलांना हा रोग होता, मला आहे, माझ्या थोरल्या बहिणीला आहे. आतां हा चौथा. जें रक्तांतच आहे तें ताटांतला भात कमी करून कसें जाणार? याला गोळ्या द्या, पथ्याच्या फेऱ्यांत घालूं नका." मुलगा मान खालीं घालून बसला होता. त्याची पत्नी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसली होती. तिनें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें, पण कागद खालींहि ठेवला नव्हता.

त्याच महिन्यांत दुसरे एक गृहस्थ आले. त्यांनीं कोठल्याशा प्रयोगशाळेकडे आपली लाळ पाठवून तिची तपासणी करवून घेतली होती, आणि तिकडून आलेला चोपडीएवढा अहवाल त्यांच्या हातांत होता. तूप किती खावें, गहूं चालेल कीं ज्वारी, सकाळीं फिरावें कीं सायंकाळीं, सर्व कांहीं त्यांत त्यांच्या जनुकांवरून सांगितलें होतें. जन्मपत्रिकेवर विश्वास नाहीं असें अभिमानानें सांगणारे हे गृहस्थ. परंतु ही नवी पत्रिका त्यांनीं मोठ्या श्रद्धेनें जपून ठेवली होती.

पहिल्या गृहस्थांच्या मतें जनुकांपुढें आहार व्यर्थ. दुसऱ्यांच्या मतें जनुकें स्वतःच आहार लिहून देतात. दोघांनींहि जनुकांच्या पदरांत त्यांच्या शक्तीपेक्षां अधिक टाकलें होतें, एवढेंच आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

जनुक म्हणजे पेशींतील दीर्घ सूत्राचा एक तुकडा. शरीरानें अमुक प्रथिन कसें घडवावें याची आज्ञा त्यावर कोरलेली असते. हीं जनुकें अर्धीं आईकडून व अर्धीं बापाकडून येतात. लठ्ठपणा आणि मधुमेह यांत त्यांचा हात आहे काय? आहे, आणि चांगलाच आहे. यासंबंधींचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॅनडांत क्वेबेक येथील लाव्हाल विद्यापीठांत क्लॉद बुशार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या निवडल्या. हे चोवीसहि तरुण बारीक अंगाचे होते. त्यांना देखरेखीखालीं ठेवून शंभर दिवसांपैकीं ८४ दिवस रोज गरजेपेक्षां १,००० उष्मांक अधिक असा आहार दिला. अन्नाची वाढ सर्वांना सारखी, दिवस सारखे, दिनक्रमहि सारखाच. १९९० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरीनें प्रत्येकाचें वजन ८.१ किलो वाढलें होतें. परंतु कोणाचें अवघें ४.३ किलो, तर कोणाचें १३.३ किलो. आणि गंमत अशी कीं, ज्याचें वजन थोडें वाढलें त्याच्या जुळ्या भावाचेंहि थोडेंच वाढलें, ज्याचें पुष्कळ वाढलें त्याच्या भावाचेंहि पुष्कळ. एका जोडींतील दोघां भावांमध्यें जो फरक पडला, त्याच्या सुमारें तिप्पट फरक निरनिराळ्या जोड्यांमध्यें पडला.

आपल्या पंक्तींत नेहमीं म्हणतात, "तो किती जेवतो, पण अंगाला लागत नाहीं, मला नुसतें पाणी प्यालें तरी लागतें." पाण्याची गोष्ट सोडून द्या, बाकीच्या तक्रारींत तथ्य आहे. लठ्ठ मनुष्य दिसला कीं त्याला खादाड ठरविणाऱ्यांनीं हा प्रयोग अवश्य ध्यानांत ठेवावा.

यापुढें जाऊन, भूक हीच मुळीं जनुकांच्या हातीं असते. १९९७ सालीं केंब्रिज येथील डॉक्टरांनीं पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबांतील दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. या मुलांचें पोट भरतच नसे. पाहणाऱ्यांना आईबापांचे लाड दिसत असतील. पण खरें कारण निराळें होतें. अंगांतील मेद आपण किती सांठलों आहों हें लेप्टिन नांवाच्या स्रावाच्या द्वारें मेंदूला कळवीत असतो. या मुलांच्या ठिकाणीं लेप्टिनचें जनुकच बिघडलेलें होतें, त्यामुळें निरोप जात नव्हता आणि मेंदूला सदैव दुष्काळच भासत होता. पुढें एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनचीं इंजेक्शनें दिलीं. वर्षभरांत तिचें वजन १६.४ किलोंनीं उतरलें, आणि तें जवळजवळ सगळें मेदाचें. ही हकीकत १९९९ सालीं छापून आली. अशा मुलाला कितीहि धाक घाला, पथ्य सांगा, उपाशी ठेवा. उपयोग व्हायचा नाहीं. अर्थात् असे रोगी फार विरळा.

उलट दिशेचेंहि एक विरळा उदाहरण आहे, आणि आहाराच्या दृष्टीनें तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. ग्लुकोकायनेज नांवाचें एक प्रथिन स्वादुपिंडांत साखरेचें माप घेण्याचें काम करतें. त्याच्या जनुकांत दोष असला तर मापच थोडें वर बसतें. जन्मापासून रक्तांतील साखर किंचित् चढलेली राहते आणि बहुधा तेवढीच राहते. हा दोष १९९२ सालीं उघडकीस आला. ज्यांच्या अंगीं जवळजवळ अर्धें शतक ही चढलेली साखर होती, अशा लोकांची तपासणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. डोळे, मूत्रपिंड किंवा हृदय यांना गंभीर इजा त्यांत क्वचितच आढळली. औषधानें हें माप खालीं येत नाहीं, आणि गरोदरपणाचा काळ सोडला तर बहुधा औषध लागतहि नाहीं. म्हणजे अशा एखाद्या मुलीला कोणी मधुमेही ठरवून वर्षानुवर्षें तिच्या तोंडचा घांस काढीत असेल, तर तो निव्वळ छळच झाला. येथें जनुकाची तपासणी खरोखर पथ्य ठरविते; किंबहुना पथ्य रद्द करते.

म्हणूनच त्या शिक्षकांना मीं प्रथम विचारलें कीं, घरांत कोणाला कितव्या वर्षीं हा रोग लागला? तीन पिढ्यांतून पंचविशीच्या आंतच साखर येत असेल तर एकाच जनुकाचा दोष शोधावा लागतो. यांच्या घरीं आजोबांना साठीनंतर, वडिलांना बावन्नाव्या वर्षीं, आत्येला पन्नाशीच्या सुमारास. मुलगा तरुण आणि बारीक म्हणून शरीरच आपल्या स्वादुपिंडावर उलटलें आहे काय, हेंहि रक्त तपासून पाहिलें, तसें नव्हतें. तेव्हां हा आपला नेहमींचाच मधुमेह. यांत एक जनुक नसतें, शेंकडों असतात आणि प्रत्येकाचा वांटा लहान. स्थूलतेच्या बाबतींत ज्याचा फार बोलबाला झाला तें एफ.टी.ओ. नांवाचें जनुक २००७ सालीं पुढें आलें. त्याची जाड करणारी प्रत आई व बाप या दोघांकडून ज्याला मिळाली, त्याचें वजन सरासरीनें तीन किलो अधिक भरलें. तीन किलो! जिच्या नांवानें माणसें हातपाय गाळून बसतात ती विधिलिखिताची रेघ एवढीच. बरें, अशीं माणसें आहार व व्यायाम यांनीं कमी उतरतात काय? आठ प्रयोगांतील साडेनऊ हजार लोकांची माहिती २०१६ सालीं एकत्र करून पाहिली, तेव्हां तीं इतरांइतकींच उतरतात असें दिसलें.

मधुमेहाच्या बाजूलाहि असेंच. टी.सी.एफ.७ एल.२ हें जनुक इन्शुलिनच्या स्रावावर परिणाम करतें, आणि त्याची सदोष प्रत पुष्कळांत असते. अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. आहार, चालणें व वजनांतील घट यांमुळें सुमारें तीन वर्षांत नवा मधुमेह ५८ टक्क्यांनीं कमी झाला, हें २००२ सालीं जाहीर झालें. पुढें त्याच लोकांचीं जनुकें तपासलीं. ज्यांच्याजवळ दोन्ही प्रती सदोष होत्या, त्यांना कांहीं उपाय न करतां मधुमेह होण्याचा धोका निर्दोष प्रती असलेल्यांहून सुमारें ८० टक्के अधिक होता. परंतु जे पथ्यानें राहिले त्यांच्यांत हा फरक जवळजवळ पुसूनच गेला. वडील गृहस्थांच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाहीं.

तरीहि त्यांची शंका पुरती फिटली नाहीं, म्हणून मीं त्यांना पिमा लोकांची कथा सांगितली. ती आपणांसहि सांगतों. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत हिला नदीच्या कांठीं हे मूळचे रहिवासी पाट काढून शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरच्या अंगाला आलेल्या वसाहतवाल्यांनीं नदीचें पाणी वळवून घेतलें. शेतें सुकलीं. पुढें मैदा, साखर आणि डुकराची चरबी यांवर या लोकांची गुजराण होऊं लागली. आणि विसाव्या शतकांत जगांत सर्वांत अधिक मधुमेह असलेल्या लोकांत त्यांची गणना झाली. दुष्काळांत तगून राहणारीं काटकसरी जनुकें सुकाळांत घात करतात, ही कल्पना जेम्स नील यांनीं १९६२ सालीं मांडली होती. पिमा हे तिचें नेहमींचें उदाहरण होऊन बसले. पण त्यांचीच एक शाखा मेक्सिकोच्या डोंगरांत मायकोबा या गांवीं राहते. मका, घेवडा, बटाटे हें त्यांचें अन्न आणि अंगमेहनतीची शेती हा उद्योग. २००६ सालीं दोन्ही शाखांची तुलना प्रसिद्ध झाली. ॲरिझोनांत मधुमेहाचें प्रमाण ३८ टक्के, मायकोबांत ६.९ टक्के. रक्त एक, नदी मात्र एकीकडची हिरावलेली.

आतां चोपडीवाले गृहस्थ. जनुकें पाहून कोणाला स्निग्ध कमी करावें आणि कोणाला पिष्ट कमी करावें हें ठरवितां येईल, अशी आशा शास्त्रज्ञांनाहि होती, आणि आरंभींच्या लहान प्रयोगांनीं ती वाढविलीहि होती. स्टॅनफर्ड विद्यापीठांत ६०९ लोकांवर वर्षभर याची कसोटी घेतली. निकाल २०१८ सालीं आला. स्निग्ध कमी करणारे सरासरीनें ५.३ किलो उतरले, पिष्ट कमी करणारे ६ किलो. दोन्ही गटांत कोणी तीस किलोंच्या आसपास उतरला, तर कोणाचें उलट दहा किलो वाढलें. परंतु ज्याला जनुकांशीं जुळणारा आहार मिळाला तो अधिक उतरला, असें मुळींच आढळलें नाहीं. मीं तो अहवाल त्यांना परत दिला आणि पोटाचा घेर मोजण्याची फीत काढली. ते थोडे खट्टू झाले, हें खरें आहे.

ही फीत आपल्या लोकांसाठीं तर फारच उपयोगाची. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकें सरासरी २.७ किलोंचीं, इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथील ३.५ किलोंचीं. आपलीं अर्भकें स्नायूंनीं व पोटांतील अवयवांनीं पुष्कळच लहान; पण मेद मात्र त्या मानानें राखलेला. बाहेरून किरकोळ आणि आंतून मेदस्वी अशी ही घडण. २००४ साली डॉ. याज्ञिकांनीं स्वतःचें व आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन तंतोतंत सारखें. पण युडकिन यांच्या अंगांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. यांत जनुकांचा भाग आहे तसाच आईच्या उदरांतील पोषणाचाहि आहे. म्हणून "मी कुठें जाड आहें?" हा आपल्याकडील मधुमेह्याचा प्रश्न फसवा आहे. पुरुषानें ९० आणि स्त्रीनें ८० सेंटिमीटरांवर कंबर जाऊं देऊं नये.

मग बारीक माणसानें पथ्य करून काय साधावें? चेन्नईंत डॉ. रामचंद्रन यांनीं उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्यांपैकीं ५५ टक्के मधुमेही झाले. आहार व चालणें सांभाळणाऱ्यांपैकीं ३९.३ टक्के. वजन फारसें न उतरतांहि हा लाभ झाला. प्रमाण अमेरिकेहून कमी आहे हें मीं त्या शिक्षकांपासून लपविलें नाहीं. आपलें ओझें अधिक जड आहे; तें उचलतांच येत नाहीं असें मात्र नव्हे.

मुलाला मीं गोळ्या दिल्या, आणि पथ्यहि दिलें. भात दोन मुदींऐवजीं एक, त्याच्या आधीं उसळ किंवा दाट वरण आणि पालेभाजी, चहांत साखर नाहीं, रात्रीं जेवणानंतर अर्धा तास चालणें. भूक मारूं नये, भरावी. कारण भुकेशीं झगडून कोणी फार दिवस टिकत नाहीं. सुनेनें हें सर्व लिहून घेतलें.

तीन महिन्यांनीं तिघेंहि पुन्हां आलीं. मुलाची साखर बरीच खालीं आली होती. एकट्याला चालावयाचा कंटाळा येतो म्हणून वडीलहि रोज रात्रीं त्याच्याबरोबर देवळापर्यंत जाऊं लागले होते. त्यांची स्वतःची साखर कशी आहे असें मीं विचारलें, तेव्हां ते कांहीं बोलेनात. सुनेनें तो कागद काढून माझ्यापुढें ठेवला. मागच्या बाजूला तिनें तारखांसह मांडून ठेवलें होतें : मामंजींचा चहा, सकाळीं दोन चमचे, दुपारीं दोन चमचे, आणि गेल्या रविवारपासून दीड.