चहाच्या वेळेची कविता

लहान मुलांना कविता ऐकवायची कधी, असं आईबाप मला विचारतात. मी सांगतो, घरात चहा होतो तेव्हा. अभ्यासाला बसवलेल्या मुलाचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि झोपवायला घेतलेल्या मुलाच्या बाबतीत आपलं. चहाला बसलेलं घर मात्र तेवढा वेळ कुणाच्या मागे लागत नाही. मोठी माणसं बशीत चहा ओततात, मुलापुढे चमचाभर चहा घातलेलं दूध आणि खारी असते. अशा वेळी कुणी सहज चार ओळी म्हटल्या तर त्या मुलाच्या कानात जातात.

आपल्या वडाळ्याला हे नवं नाही. गोदीतली, गिरणीतली पहिली पाळी सुटून माणसं घरी यायची, स्टो पेटायचा, आणि आधणाकडे बघत एखादी आजी अभंग गुणगुणायची. आषाढी एकादशीला आपल्या या प्रतिपंढरपुरात केवढी रांग लागते! त्या रांगेत आईच्या कडेवरचं पोर तासन् तास अभंग ऐकतं. त्याला कुणी अर्थ विचारत नाही, म्हणून तर ते ऐकतं.

मोठ्या अभंगाची बांधणी पाहा. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. माझी नात अजून शाळेत जात नाही. दुसरा चरण संपला की तिचा खारीचा हात तोंडापाशी थांबतो. तिसऱ्यात जुळणारा आवाज आला की ती हसते आणि मग खारी खाते. चौथा चरण आखूड पडतो, तिथे ती चमच्याने टेबलावर एक ठोका देते. हा ठोका तिला कुणीही शिकवलेला नाही. छंदःशास्त्राचा पहिला धडा ती दूध पिता पिता शिकली, आणि मला याचं फार अप्रूप आहे.

विंदा करंदीकर रुईयात आणि एसआयईएसमध्ये इंग्रजी शिकवत, म्हणजे आपल्या शेजारीच. १९६१ साली त्यांचं ‘राणीची बाग’ आलं. ‘स्वेदगंगा’ लिहिणारा कवी मुलांसाठी लिहायला बसला आणि त्याने आपली ताकद जराही आखडून धरली नाही. खरी राणीची बाग इथून बसने जाण्याइतकी जवळ. सकाळी चहाला ऐकलेला प्राणी दुपारी पिंजऱ्यात दाखवता येईल, ही सोय महाराष्ट्रातल्या किती मुलांना आहे? आणि याच विंदांनी बापट-पाडगावकरांबरोबर गावोगावी कवितावाचन केलं. हजारो माणसांनी त्यांची कविता आधी ऐकली, पुस्तक मागाहून उघडलं.

एक गोष्ट मात्र कृपा करून बंद करा. पाहुणे आले की ‘बाळा, ती कविता म्हणून दाखव’. मूल आईच्या पदराआड जातं, आपण रागावतो, आणि त्या दिवसापासून कविता ही परीक्षा होते.

इथे बसलेल्या अनेकांची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या वाट्याला घरातली मराठी येते ती ‘जेव’, ‘आवर’, ‘मोबाइल ठेव’ एवढीच. चांदणं, पाणवठा, रानवारा हे शब्द त्यांच्या कानावर दुसरीकडून कुठून पडणार?

आता चारचा चहा उरला नाही, हे मलाही दिसतं. हार्बर लाइनने आईबाप दोघंही रात्री आठला घरी येतात. मग सकाळचा चहा धरा. शाळेची बस यायच्या आधी एक कडवं, आठवडाभर तेच. मुलांना तेच तेच हवं असतं. कंटाळा येतो तो आपल्याला. आणि तुमच्याच आवाजात म्हणा, बेसूर असला तरी. मोबाइलमधली बाई मुलाने ‘हे काय?’ विचारलं म्हणून थांबत नाही.

ओळ विसरलात तर विसरा. परवा अभंगाच्या चौथ्या चरणाशी मी अडलो. नातीने क्षणभर वाट पाहिली आणि तिथे ‘वडाळ्याला’ म्हणून टाकलं. मी बोटांवर मोजलं, अक्षरं बरोबर चार. तिच्या आजीने मूळचा शब्द सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि पुन्हा ‘वडाळ्याला’च म्हटलं.