शेवटचा शब्द कुणाचा?

४ सप्टेंबर २००८ रोजी केविन कीगन यांनी न्यूकॅसल युनायटेडचं मॅनेजरपद सोडलं. पद स्वीकारून आठ महिनेही झाले नव्हते. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या त्या शहराला कीगन हे नाव काय होतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९९२ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी गटांगळ्या खाणारा हा संघ त्यांनी सव्वा वर्षात प्रीमियर लीगमध्ये नेला. १९९५-९६ च्या हंगामात तर तो एका टप्प्यावर बारा गुणांनी आघाडीवर होता. विजेतेपद निसटलं, पण त्या संघाचा खेळ लोक विसरले नाहीत. तोच माणूस २००८ च्या जानेवारीत परतला आणि सप्टेंबरमध्ये निघून गेला. मॅनेजर आणि मालक यांचं बिनसणं फुटबॉलमध्ये नित्याचं. एरवी असं भांडण कुजबुजीत सुरू होतं आणि कुजबुजीतच विरतं, त्यामुळे खरं काय ते बाहेरच्याला कधी कळत नाही. कीगन यांनी मात्र प्रीमियर लीगच्या लवादाकडे दाद मागितली. तिथे करार वाचला गेला, साक्षी झाल्या, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये निकाल सर्वांसमोर आला. मॅनेजरच्या वैफल्याचं मूळ नेमकं कशात असतं, हे समजून घ्यायला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून आज मी याच प्रकरणाशी थांबणार आहे.

घटना अशी. माइक ॲशली यांनी २००७ मध्ये क्लब विकत घेतला होता. कीगन यांच्या नेमणुकीला दोन आठवडे होतात न होतात तोच डेनिस वाइज यांना फुटबॉल विभागाचे कार्यकारी संचालक म्हणून आणलं गेलं; खेळाडू निवडण्यासाठी आणखी माणसं नेमली गेली. ऑगस्टच्या अखेरीस, खरेदी-विक्रीची मुदत संपत आली असताना, इग्नासिओ गोन्सालेस या उरुग्वेच्या खेळाडूला लोनवर आणायचं ठरलं. कीगन यांनी त्याला कधी खेळताना पाहिलेलं नव्हतं. त्यांना सांगण्यात आलं की यूट्यूबवर त्याच्या चित्रफिती बघा. त्या बघून त्यांनी नकार दिला. तरीही खेळाडू आला. कारण काय, तर दक्षिण अमेरिकेतल्या दोन वजनदार एजंटांवर उपकार करून ठेवायचे होते. पुढेमागे त्यांच्याकडून चांगले खेळाडू मिळतील, ही आशा. म्हणजे संघाला कोण हवं, हा प्रश्न त्या व्यवहारात नव्हताच. लवादाने निष्कर्ष काढला की करारानुसार खेळाडूंच्या बाबतीत शेवटचा शब्द कीगन यांचा होता, क्लबने तो मोडला, आणि राजीनाम्याची वेळ क्लबनेच आणली. वीस लाख पौंड आणि त्यावरचं व्याज देण्याचा आदेश झाला. कीगन यांची मागणी याच्या कितीतरी पट होती, पण करारातच भरपाईची मर्यादा लिहिलेली होती.

या निकालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पैशांचा नाही. खेळाडूंबाबतचा अंतिम निर्णय कीगन यांचाच, असं क्लबने त्या काळात जाहीरपणे आणि पुन्हापुन्हा सांगितलं होतं. लवादापुढे मात्र क्लबची भूमिका अशी की तो अधिकार त्यांना कधीच नव्हता. ती विधानं केवळ जनसंपर्कासाठी होती. लवादाने या खुलाशाबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. माझा मुद्दा इथूनच निघतो. मॅनेजरला अधिकार कमी असणं हे वैफल्याचं कारण नव्हे. जगात कमी अधिकारात उत्तम काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. खरा जाच होतो तो लोकांपुढे अधिकार त्याच्या नावावर आणि बंद दाराआड दुसऱ्याच्या हातात, अशी विभागणी झाल्यावर. दर शनिवारी सामन्यानंतर पत्रकारांपुढे बसतो तो मॅनेजर. चुकीचा खेळाडू का घेतला, हा प्रश्न त्याला विचारला जातो. ज्याने घेतला तो तिथे नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची व्यवस्थाच लावून ठेवलेली असते, आणि संन्याशाने त्याबद्दल तोंडही उघडायचं नसतं.

यावर पहिला आक्षेप कीगन यांच्या स्वभावाचा घेतला जातो. ते १९९७ मध्येही न्यूकॅसल अर्ध्यावर सोडून गेले होते, आणि २००० साली जर्मनीकडून हरल्यावर इंग्लंडचं पद त्यांनी त्याच दिवशी सोडलं. माणूस उतावळा होता, हे मी मान्य करतो. पण लवादाने त्यांचा स्वभाव तपासला नाही, करार तपासला. उतावळ्या माणसाला दिलेला शब्दही पाळायचाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला झटकून चालणार नाही. मॅनेजर आज आहे, उद्या नाही. क्लब शंभर वर्षांचा. पैसा मालकाचा, कर्ज क्लबच्या नावावर. मग शेवटचा शब्द मॅनेजरचा का असावा? डर्बी काउंटीचं उदाहरण इथे आठवतं. ब्रायन क्लफ यांना १९६७ मध्ये आणलं अध्यक्ष सॅम लाँगसन यांनीच. क्लफ यांनी दुसऱ्या श्रेणीतला तो क्लब १९७२ मध्ये इंग्लंडचा विजेता केला. त्याच वर्षी संचालक मंडळाला न विचारता त्यांनी डेव्हिड निशला सव्वादोन लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमधली ती त्या वेळची विक्रमी किंमत. क्लफ यांचं दूरचित्रवाणीवरचं आणि वर्तमानपत्रांतलं बोलणंही अध्यक्षांना सलत होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी राजीनामे दिले. चाहते रस्त्यावर आले, खेळाडू बिथरले, मंडळ बधलं नाही. या भांडणात लाँगसन यांची बाजू अगदीच लंगडी होती असं मला वाटत नाही. ज्याच्या तिजोरीतून पैसे जायचे, त्याला निदान आधी कळायला तर हवं. दीड वर्षानंतर, १९७५ मध्ये, डेव्ह मॅकाय यांच्या हाताखाली डर्बीने पुन्हा विजेतेपद मिळवलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणून सगळे अधिकार मॅनेजरला परत द्या, असं माझं म्हणणं नाही. तो काळ गेला, आणि त्याचं मला दुःख नाही. लिव्हरपूलने २०१७ मध्ये मोहम्मद सालाहला घेतलं, तेव्हा युर्गन क्लॉप यांचा कल युलियन ब्रांटकडे होता. मायकल एडवर्ड्स आणि त्यांच्या निवड विभागाने सालाहचा आग्रह धरला, पुरावे मांडले, आणि क्लॉप यांना ते पटलं. पहिल्याच हंगामात सालाहने लीगमध्ये ३२ गोल केले. इथे मॅनेजरची पहिली पसंती बाजूला पडली, तरी त्याचा अपमान झाला नाही. कुणी काय ठरवायचं हे त्याला ठाऊक होतं, वाद त्याच्या तोंडावर झाला, आणि होकार त्याचा स्वतःचा होता. गोन्सालेसच्या व्यवहारात यातलं एकही नव्हतं. दोन्हीकडे संचालक होते, दोन्हीकडे मॅनेजरच्या मनात नसलेला खेळाडू होता. फरक पडला तो विश्वासात घेण्याने.

आणखी एक बाजू राहते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कीगन यांच्यानंतर त्या हंगामात न्यूकॅसलच्या संघाची सूत्रं ख्रिस ह्यूटन, जो किनिअर आणि ॲलन शिअरर यांच्या हाती फिरत राहिली. गोन्सालेस संपूर्ण हंगामात दोनदा, तेही बदली खेळाडू म्हणून, मैदानात उतरला. २४ मे २००९ रोजी ॲस्टन व्हिलाकडून एका गोलने हरून क्लब खालच्या श्रेणीत गेला. १९९३ पासून, कीगन यांनीच वर आणल्यापासून, तो अव्वल श्रेणीत होता. कीगन यांच्यापाशी निदान सहीचा करार होता, म्हणून लवाद होता, भरपाई होती. क्लबची ती जाहीर विधानं मात्र कीगन यांच्यासाठी नव्हतीच. ती हंगामाचं तिकीट काढून सेंट जेम्स पार्कवर बसणाऱ्या माणसासाठी होती. त्याने त्यांवर विश्वास ठेवला, आणि त्याला दाद मागायला कुठलाही लवाद नव्हता.