जुन्या जीपचा आवाज

मोटारगाडी नवी असतांना तिचा मालक बारीकशा आवाजानेंहि दचकतो. गाडी जुनी झाली म्हणजे मात्र त्याला तिच्या खडखडाटाची इतकी संवय जडते कीं, त्यांत एखादा नवा सूर मिसळला तरी तो बरेच दिवस ध्यानांतच येत नाहीं. नाशिकच्या एका गृहस्थांचें असेंच झालें. त्यांच्या घरीं वडिलांच्या वेळेपासून एक जीपगाडी आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठीं ज्या लहानखुऱ्या, चारहि चाकांना गति देणाऱ्या जीपगाड्या निघाल्या, त्यांच्याच वंशांतली ही. विलीज कंपनीचा 'सी जे ३ बी' हा उंच बॉनेटचा नमुना अमेरिकेंत १९५३ सालीं निघाला, व महिंद्र कंपनीनें तो पुढें कित्येक वर्षें भारतांत बनविला. ज्यांनीं पूर्वीं तालुक्याच्या गांवीं साहेबांची फिरती पाहिली आहे, त्यांना या गाडीचें रूप वर्णून सांगण्याची गरज नाहीं.

ताशीं ३५ किलोमीटरच्या पुढें वेग गेला कीं या गाडींतून घरघर येऊं लागे. जात्यांत दाण्याऐवजीं वाळू पडावी तशी ती घरघर होती. पहिल्या कारखानदारानें मागच्या एका चाकाचें बेअरिंग बदललें. आवाज होता तेथेंच राहिला. दुसऱ्यानें, शक्ति पुढच्या व मागच्या चाकांस वांटून देणारी जी पेटी गिअरबॉक्सच्या मागें असते, ती ट्रान्स्फर केस, सबंध उघडावी लागेल असें सांगितलें. खर्चाचा आंकडा ऐकतांच थोरल्या चिरंजीवांनीं भंगारवाल्याचें नांव काढलें. गृहस्थ कांहीं बोलले नाहींत; पण त्या रात्रीं ते नीट जेवले नाहींत असें घरांतली मंडळी सांगतात.

शेवटीं, ज्यांनीं उभें आयुष्य जीपगाड्यांखालीं पाठ टेकून काढलें अशा एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणें गेलें. मिस्त्री आले ते हत्यारांची पेटी न घेतांच. "अण्णासाहेब, आधीं चार फेऱ्या मारूं. आवाज केव्हां येतो तें कळल्याशिवाय कोठून येतो तें विचारण्यांत अर्थ नाहीं," ते म्हणाले.

त्यांचें म्हणणें खरें होतें. जीपचें सारें अंग पोलादी पत्र्याचें. एका टोंकास उठलेला कंप सांगाड्यांतून दुसऱ्या टोंकास जातो, आणि तेथला सैल पत्रा ढोलकीच्या पुडीप्रमाणें तो मोठा करून दाखवितो. आवाज मागून ऐकूं आला म्हणून तो मागेंच जन्मला असें ठरविणें, ही पहिल्या कारखानदाराची चूक होती. दिशेविषयीं कान फसतो. वेळेविषयीं सहसा फसत नाहीं.

त्र्यंबक रस्त्याच्या सपाट भागावर, रहदारी नसतांना, गाडी ४० च्या वेगानें चालली असतां मिस्त्रींनीं गिअर न्यूट्रलमध्यें घेण्यास सांगितलें. एंजिन मंद झालें, परंतु घरघर तशीच राहिली, व गाडीचा वेग उतरूं लागला तशी तीहि उतरली. म्हणजे एंजिन व क्लच हे दोघे निर्दोष सुटले. नंतर गाडी हलकेच डावीकडे व उजवीकडे वळवून पाहिली. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर येतो. उजवें बेअरिंग झिजलेलें असेल तर त्याची तक्रार त्या वेळीं वाढते. येथें कांहींच वाढेना वा घटेना.

यानंतरची परीक्षा मिस्त्रींनीं गृहस्थांच्या नातीवर सोंपविली, कारण ती तबला शिकते. जीपच्या चाकाचा एक फेरा म्हणजे रस्त्यावर सुमारें २.२ मीटर. ४० च्या वेगांत चाक सेकंदास सुमारें पांच वेळां फिरतें. एंजिनाकडून आंसाकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मात्र या नमुन्यांत चाकाच्या ५.३८ पट फिरतो. म्हणजे सेकंदास सुमारें २७ फेरे. दोष चाकांत असला तर ठोके सुटे ऐकूं यावेत, व तालाचा अभ्यास असलेल्या माणसास ते मोजतां यावेत. मुलगी कांहीं वेळ डोळे मिटून बसली व म्हणाली, "आजोबा, यांत बोल सुटे पडतच नाहींत. हा सलग नाद आहे." मिस्त्री एवढ्यावरच खूष झाले. बेअरिंग बदलण्यापूर्वीं कोणी असें दोन मिनिटें डोळे मिटून बसलें असतें, तर तेवढे पैसे वांचले असते!

आतां उरले शाफ्ट. जीपला ते दोन असतात. एक मागें जाणारा, दुसरा पुढें. गृहस्थ म्हणाले, "पुढचा तर आपण वापरतच नाहीं. पुढच्या चाकांना शक्ति देणारा दांडा वर्षभरांत कोणी ओढलेला नाहीं." हाच समज अनेक जीपमालकांचा असतो, आणि घोटाळा नेमका येथें आहे. ज्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना हब मोकळे करण्याची सोय नाहीं, तिच्यांत चाकांबरोबर आंतले आंस फिरतात, आंसांबरोबर पुढचा शाफ्टहि फिरतो. शक्ति वाहत नसला तरी कोरडा हेलपाटा तो रोज घालीतच असतो. वापरांत नाहीं असें समजून त्याला ग्रीस मात्र कोणी देत नाहीं.

मिस्त्रींनीं चाकांना दगड लावून पुढचा शाफ्ट तेवढा उतरविला आणि गाडी पुन्हां रस्त्यावर काढली. ४० चा वेग झाला, ४५ चा झाला; घरघर नाहीं. पुढच्या आंसांतलीं चक्रें अजूनहि फिरत होतीं, ट्रान्स्फर केस होती तशीच होती. म्हणजे दोष शाफ्टाचाच.

त्याच्या पुढच्या टोंकाचा क्रॉस उघडला तेव्हां बारीक सुयांसारखीं बेअरिंगें जेथें असावयाचीं, तेथें विटेच्या रंगाची कोरडी भुकटी निघाली. मिस्त्री गंभीर झाले. हा सांधा तुटून शाफ्टाचें पुढचें टोंक खालीं पडलें, तर गाडी पुढें धांवत असतां तें रस्त्यांत रुतण्याचें भय असतें. त्याच आठवड्यांत त्या मंडळींचा कसारा घाट उतरण्याचा बेत होता.

नवा क्रॉस बसला, निपलांतून ताजें ग्रीस बाहेर येईपर्यंत भरलें गेलें. शाफ्टाचे दोन भाग परत जुळवितांना त्यांवरच्या बाणांच्या खुणा मिस्त्रींनीं फडक्यानें पुसून समोरासमोर आणल्या. त्या चुकल्या तर नवा सांधाहि थरथरूं लागतो. ट्रान्स्फर केस उघडण्याची गरजच पडली नाहीं.

संध्याकाळीं सारें कुटुंब गाडींतून फिरावयास निघालें. गंगापूर रस्त्यावर गृहस्थांनीं एकाएकीं हात वर करून सर्वांस गप्प बसविलें. मागून किणकिण ऐकूं येत होती. चिरंजीवांच्या कपाळास आंठी पडली. नातीनें वळून मागल्या फळीची साखळी मुठींत धरली, आणि किणकिण थांबली. घरघरीखालीं ती किती दिवस दडून वाजत होती कोण जाणे.