मानसशास्त्राच्या वर्गात मुली काय शिकतात?
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



कॉलेजात मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले. प्रवेशाच्या दिवसांत एखादी आई हटकून विचारी, “बाई, वेड्यांचा विषय घेऊन मुलीचे कसे होणार?” दुसरी म्हणे, “ही आता आमच्या मनातले ओळखणार का?” दोघींना माझे उत्तर एकच असे. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या येथे मिळत नाही. आपल्याच मनावर आंधळा विश्वास ठेवू नये, एवढे मात्र कळते.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली स्वतंत्र विभाग निघाला. हे प्रयोगाचे शास्त्र आहे. बी.ए.च्या मुलीलाही प्रयोग करून वही लिहावी लागते. एका प्रयोगात दोन सारख्या रेघा असतात. एकीच्या टोकांचे फाटे आत वळलेले, दुसरीचे बाहेर. दुसरी लांब दिसते. पट्टीने मोजून पाहिले तरी ती लांबच दिसते! मुली हसतात, पण डोळा फसतो हा धडा विसरत नाहीत.

आठवणीचेही तसेच आहे. अमेरिकेत १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताचा चित्रपट दाखवला. पन्नास जणांना विचारले, “गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?” दुसऱ्या पन्नासांना ‘लागल्या’ऐवजी ‘आदळून चुरा झाल्या’ अशा अर्थाचा शब्द घातला. आठवड्याने विचारले, “फुटलेली काच पाहिलीत का?” काच मुळी नव्हतीच, तरी पहिल्यांतले ७ आणि दुसऱ्यांतले १६ जण ‘हो’ म्हणाले.

आता आपल्या घरात पाहा. “त्या दिवशी तू मला असेच बोललीस,” या एका वाक्यावरून सासू-सुना वर्षानुवर्षे अबोला धरतात. दोघीही खोटे बोलत नसतात, तरी दोघींच्या आठवणी निराळ्या असू शकतात. लहान मूल रडत आले की आपण विचारतो, “त्याने मारले ना तुला?” उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेले असते. “काय झाले रे?” एवढेच विचारावे.

हे शास्त्र स्वतःलाही तपासते. शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल २०१५ साली निघाला, तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचेच निष्कर्ष पुन्हा मिळाले. जे शास्त्र आपली उणीव चारचौघांत मांडते, त्याच्यापासून मुलींनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

एक इशारा मात्र देते. विकारांचा धडा झाला की मुलींना घरातला प्रत्येक माणूस रोगी वाटू लागतो! बी.ए. झालेली मुलगी उपचार करणारी नव्हे. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि रीतसर प्रशिक्षण लागते. पण घरात कोणी दोन-दोन आठवडे खिन्न आहे, जेवत नाही, झोपत नाही, हे तिच्या ध्यानात येते. “नाटके करते आहे” असे न म्हणता, “चला, डॉक्टरांकडे जाऊ” असे ती म्हणते. तेव्हा भगिनींनो, तिचे ऐका. लोक काय म्हणतील, या धाकापायी उपचार लांबवू नका. आपल्या शेजारणीलाही हेच सांगा.